फाटक्या कानाची शेळी आणि फुकटचा क्लास

फुकट या शब्दाची आमच्या घरात भीतीच होती. मी शाळेत असताना आमच्या गावात, केममध्ये, एकदा एक टेम्पो आला. देवळासमोर बायकांना गोळा करून त्या लोकांनी प्रत्येकीला स्टीलचा एक डबा फुकट दिला आणि मग बराच वेळ अंगदुखी घालवणारं एक यंत्र दाखवलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावात ते यंत्र होतं. आठवड्याभरात त्यातलं एकही चालेना, आणि टेम्पो कुठून आला होता हे कुणाला सांगता येईना. तेव्हापासून कुणी काही फुकट म्हटलं की आबा, म्हणजे माझे वडील, आधी त्या माणसाच्या पाठीमागं बघायचे, टेम्पो उभा आहे का म्हणून.

तोच स्वभाव घेऊन मी कॉलेजसाठी सोलापुरात मामाकडं राहायला आले. मामा दिवसभर ऑफिसात, त्यामुळं माझी खरी गाठ मामीशी पडली. आणि मामी आबांच्याही वरचढ निघाली. दूधवाला हसून बोलला तर त्या दिवशी ती दूध दोनदा गाळून बघायची.

कॉलेजच्या फलकावर तो कागद दिसला तेव्हा माझं पहिलं वर्ष चालू होतं. ‘चित्र काढायला आवडतं का? कम्प्युटरवर रेषेनं चित्र काढायला शिका. कम्प्युटरला कधी हात लावला नसला तरी चालेल. फी नाही.’ खाली सात रस्ता चौकाजवळचा पत्ता. मी तो तीनचारदा वाचला. मला चित्रांचं वेड लहानपणापासून. घरी शेळ्या होत्या, त्यामुळं प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानांवर शेळ्याच शेळ्या. तरी ‘फी नाही’ हे दोन शब्द खटकत होते.

मामीला सांगितलं तर ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, “फी नाही म्हणजे दुसरं काहीतरी आहे. जाऊन बघ, पण आधार कार्ड देऊ नको.”

झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्यानं वर गेलं की ती खोली होती. भिंतीला लागून जुने कम्प्युटर, डोक्यावर आवाज करणारा पंखा, आणि पलीकडं आणखी एक खोली, तिला कुलूप. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या आसपासच्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातल्या. टॉवेल, चादरी, लग्नपत्रिका यांची डिझाइनं करणं हा त्यांचा धंदा. आमच्याशी मराठीत बोलायच्या आणि फोन आला की तेलुगूत. फोन वाजला की त्या खिडकीपाशी जायच्या. बोलण्यात मला एकच शब्द कळायचा, ‘डिझाइन’. आमच्यापैकी कुणाकडं तरी बघत त्या तो शब्द बोलायच्या असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलं.

त्यांनी आधार कार्ड मागितलं नाही. नावसुद्धा तोंडीच विचारलं. म्हणाल्या, “एकच अट. नेटवरचं चित्र उचलून आणायचं नाही. घरचं आणायचं. तुमच्या घरात, दारात, शेतात जे असेल ते.”

माझ्या शेजारी मेंदी काढणारी एक मुलगी बसायची, दखनी बोलणारी. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मुफत में कोन सिकाता? कुछ तो बी है.” बरं वाटलं. निदान आपण एकट्या नाही.

मॅडमनी पहिल्या दिवशी दोन चित्रं शेजारी शेजारी उघडली. दोन्ही झाडाच्या पानाचीच, दिसायला सारखी. मग त्या दोन्ही मोठी मोठी करत गेल्या. एका पानाची कड फाटत गेली, पायऱ्या पायऱ्या दिसायला लागल्या. दुसऱ्याची कड सुरीनं कापल्यासारखी तशीच राहिली.

“हे पहिलं ठिपक्यांचं आहे,” त्या म्हणाल्या. “फोटो असतो तसं. ताणलं की ठिपके उघडे पडतात. दुसरं रेषेचं. रेषा कुठून निघाली, कुठं वळली, एवढंच यात साठवलेलं असतं. नखाएवढं काढा नाहीतर भिंतीएवढं करा, ते फाटत नाही. याला व्हेक्टर म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरवर आपण शिकणार, तेसुद्धा फुकट आहे. घरी कम्प्युटर असेल तर टाकून घ्या.”

सॉफ्टवेअरही फुकट! मेंदीवालीनं आणि मी एकमेकींकडं पाहिलं.

पण हात मात्र हळूहळू बसला. सुरुवातीला फार चिडचिड झाली. पेन्सिल धरून रेष ओढायची सवय, आणि इथं एक ठिपका द्यायचा, पुढं दुसरा द्यायचा, मग ठिपक्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या दोन काड्या ओढून रेषेला वळवायचं. त्या काड्यांना मॅडम हँडल म्हणायच्या, मी मिशा म्हणायचे. मिशी जरा जास्त ओढली की रेष साप झाल्यासारखी भलतीकडंच जायची. मी ठिपक्यांवर ठिपके द्यायचे. मॅडम मागून येऊन ते पुसायच्या. “रेष वळते तिथंच ठिपका. उगीच वाटेत कशाला थांबतेस?”

आमच्या घरी एक शेळी होती. तिचा डावा कान कुत्र्यानं मधोमध फाडलेला. कान लोंबायचा तेव्हा त्याची दोन टोकं वेगवेगळ्या दिशांना व्हायची. मी ती काढायला घेतली. कानापाशी कित्येक दिवस अडले. एका दुपारी दोन मिशा ओढताना तो कान अचानक जसा आहे तसा लोंबला. मी माउसवरून हात काढून घेतला. हात लावला तर बिघडेल अशी भीती वाटली. मग मॅडमना हाक मारली. त्या आल्या, कान बघितला, म्हणाल्या, “असा फाटल्यावर तो आत वळतो होय? मला वाटलं बाहेर वळत असेल.” आणि पुढच्या मुलीकडं गेल्या. मला तेवढं फार झालं.

त्या चित्राचा साधा फोटो करून मी आबांना मोबाइलवर पाठवला. आपली पोरगी काय शिकते ते त्यांना कळावं म्हणून. त्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. “शेळी आपलीच हाय की! कान तर लई बेस. पन ती बाई कोन? तिचं घरदार हाय का तितं?”

आणि पुढच्याच आठवड्यात पॅसेंजरनं ते स्वतः सोलापूरला आले. क्लासात दाराजवळच्या स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसले. मॅडमनी त्यांना चहा दिला. आबांनी कप नाकाशी नेला, वास घेतला, आणि मला हळू आवाजात विचारलं, “च्या बी फुकट?”

बराच वेळ ते नुसते बघत बसले. माझा हात, स्क्रीन, मॅडम, कुलूप, परत माझा हात. जिना उतरल्यावर रस्त्याच्या गोंगाटात ते म्हणाले, “बाई वाईट न्हाय वाटत. पन एक सांग, आतल्या खोलीला कुलूप कशापायी? आन जाताना तुमचं सगळ्यांचं काम ती त्या बारक्या डबीत भरून घेती, ते कशाला?”

बारकी डबी म्हणजे पेन ड्राइव्ह. ही गोष्ट मलाही खुपत होतीच. क्लास संपला की मॅडम प्रत्येक कम्प्युटरपाशी जाऊन आमच्या फायलींची प्रत घ्यायच्या आणि कुलपाच्या खोलीत जायच्या. मामीला सांगितलं तेव्हा तिनं सगळं एका वाक्यात मांडलं. “तुमच्या डोक्यातलं काढून घेते आणि विकते. म्हणूनच घरचं आणा म्हणते.” आणि खरं सांगायचं तर हे इतकं चपखल बसत होतं की मला खोडता येईना. घरचं चित्र का हवं, फी का नाही, प्रत कशाला, कुलूप कशाला, सगळ्याला एकच उत्तर.

त्यानंतर मी जपून काम करू लागले. चांगलं काही जमलं की शेवटी ते थोडं बिघडवून ठेवायचे. एखादं शिंग वाकडं, एखादा पाय आखूड. मॅडम दुसऱ्या दिवशी ते बघून बुचकळ्यात पडायच्या. “काल बरं होतं की हे?”

मग मावसबहिणीच्या साखरपुड्याला बार्शीला गेले. एसटीतून उतरून रिक्षानं जाताना बाजाराच्या रस्त्याला एक मोठा फ्लेक्स दिसला. ‘जातिवंत शेळ्या व बोकड मिळतील.’ आणि त्यावर माझी शेळी. फाटका डावा कान, आत वळलेला. रिक्षा पुढं गेली तरी मी मान वळवून बघत राहिले. साखरपुड्यात कुणी काय नेसलं होतं, जेवायला काय होतं, काही आठवत नाही. परत येताना रिक्षा थांबवून लांबूनच मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

मामीला फोटो दाखवला. तिला आनंद झाला असं म्हणणं बरं नाही, पण तिचा चेहरा उजळला एवढं खरं. “मी काय म्हटलं होतं?”

“आता काय करू?”

“तोंडावर विचार. पण दार उघडं ठेवून.”

दुसऱ्या दिवशी मी क्लासला लवकर गेले. मॅडम एकट्याच होत्या. मी दार उघडं ठेवलं आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला. म्हणाले, “ही माझी शेळी आहे. बार्शीत बोर्डावर लागलीय. कुणी दिली?”

मॅडमनी चष्मा लावून फोटो पाहिला. चिडतील, रडतील, काहीतरी सबब सांगतील, अशी सगळी तयारी मी करून गेले होते. त्यांनी विचारलं, “जवळ जाऊन बघितलीस?”

“नाही. रिक्षातून बघितली.”

“कड कशी आहे?”

“कड?”

“कानाची कड. फाइल माझ्याकडून गेली असेल तर ती टेबलावरच्या या कपासारखी गुळगुळीत असणार, बोर्ड केवढाही असो. जा, बघून ये. मी नाही म्हटलं तर तुझा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये.” एवढं बोलून त्यांनी मोबाइल परत दिला आणि झाडू घेऊन खोली झाडायला लागल्या.

जिना उतरताना मनात आलंच, आपल्याला बार्शीला पाठवून ही मागं फाइल पुसून टाकणार. घरी जाऊन मामीला सांगितलं तर तिलाही नेमकं तेच वाटलं. तरी ती म्हणाली, “बघून तर येऊ. एकटी नको जाऊस, बोर्डवाल्याशी भांडण झालं तर?” तिनं पर्समध्ये पाण्याची बाटली टाकली आणि आम्ही दोघी बार्शीच्या एसटीत बसलो. वाटेभर मामी मला भांडणात काय बोलायचं ते शिकवत होती.

बोर्ड तसा खालीच होता, पत्र्याच्या कुंपणाला बांधलेला. मी अगदी जवळ गेले. लांबून एवढी देखणी दिसणारी शेळी जवळून भरडल्यासारखी होती. कानाची कड पायऱ्या पायऱ्यांची. शिंगांभोवती करड्या रंगाची धूळ बसावी तसे ठिपके. ज्या वळणासाठी मी दिवसच्या दिवस घालवले होते, ते वळणच नव्हतं तिथं, नुसते चौकोन एकावर एक रचलेले. हा फोटो होता, ताणलेला. आणि शेपटीच्या बाजूला, कापायचा राहून गेलेला, अर्धा राखाडी गोल होता. त्यात एक वळलेला बाण. मोबाइलवर कुणी चित्र पाठवलं की शेजारी पुढं ढकलायचा जो बाण येतो, तो.

मामीनं बोट लावून तो गोल पुसून बघितला. “हे काय आहे?”

“हे कुणाच्या तरी मोबाइलमधून आलंय, मामी. कम्प्युटरमधून नाही.”

“मग तू कुणाला पाठवली होतीस?”

मी तो फोटो एकाच माणसाला पाठवला होता. तिथंच, बोर्डाखाली उभी राहून मी आबांना फोन लावला.

“व्हय, मीच धाडली की,” आबा म्हणाले. आवाजात लपवाछपवी अजिबात नाही. “आपला तो पावना न्हाय का, त्यानं शेळ्याचा धंदा काढलाय बार्शीत. बोर्डावर टाकाय चित्र पायजे म्हनला. मी म्हनलं, माज्या पोरीनं काढलीया, हीच लाव. तू बगितलीस व्हय? कशी दिसतीया? लई मोटी केलीया म्हनत हुता.”

“आबा, मला सांगायचं तरी!”

“आगं, तू अजून शिकतीयास. नको म्हनली असतीस.” मग म्हणाले, “रागावली का काय?”

मामीनं माझ्या हातातून फोन घेतला. “दाजी, आम्ही इकडं बाईवर आळ घालून बसलो, आणि चोर तुम्ही निघालात.” पलीकडून आबा काहीतरी मोठ्यानं बोलत राहिले. मामी हसायला लागली आणि तिथंच कुंपणाशी बसली. मला हसू येत नव्हतं. आपण काढलेलं चित्र रस्त्यावर एवढं मोठं लागलंय आणि ते इतकं वाईट दिसतंय, याची लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या खाली कुठंतरी बरंही वाटत होतं. पाहुण्याला सांगताना आबा कसे उभे राहिले असतील ते डोळ्यांपुढं येत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्या फक्त “बरं झालं, कळलं” म्हणाल्या. मला वाटलं होतं तेवढ्यावर माझ्या मनातलं सगळं जाईल. गेलं नाही. शेळीचा उलगडा झाला होता, पण कुलूप होतं तिथंच होतं. म्हणून मी धीर करून बाकीचंही विचारून टाकलं. प्रत कशाला घेता? आत काय आहे? आणि फी का नाही?

मॅडम म्हणाल्या, “इतके दिवस यातलं काही विचारलं नाहीस ते?”

मग त्यांनी कुलूप काढलं. आत दोन मोठे कम्प्युटर, नमुन्याच्या टॉवेलांचे गठ्ठे, कोपऱ्यात कुलर. एका स्क्रीनवर चादरीच्या काठाचं अर्धवट डिझाइन. “ज्यांचं काम आहे त्यांना बाजारात येईपर्यंत ते बाहेर दिसलेलं चालत नाही. म्हणून कुलूप. तूही बाहेर बोलू नकोस.” मग त्यांनी पेन ड्राइव्ह लावून माझ्या नावाचं फोल्डर उघडलं. माझा पहिला कान, भाकरीच्या तुकड्यासारखा. दुसरा, तिसरा, पुढचे. “बाहेरच्या मशिनींवर दुसरी बॅच बसते. सगळं पुसलं जातं. मागचं नाही ठेवलं तर आपण कुठून कुठं आलो हे तुम्हाला कसं कळणार?” वाकड्या शिंगाच्या शेळीपाशी त्या थांबल्या. “हे मात्र मला कळलं नाही. एका रात्रीत तुझा हात बिघडायचा कसा?”

मी त्यांना कारण सांगितलं. त्या पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

“आणि फी?”

“मला माणसं लागतात,” त्या म्हणाल्या, अगदी कोरड्या आवाजात. “काम खूप आहे, करणारे मिळत नाहीत. जे येतात ते नेटवरचं उचलून चिकटवतात. फी लावली तर ज्यांच्या घरी पैसे आहेत ते येतील. मला ज्यांना बघता येतं ते हवेत. शिकलेल्यांतले थोडे माझ्याकडं थांबतील, बाकीचे जातील. यात उपकार काही नाहीत.”

हे ऐकून मला हायसं वाटलं. नुसत्या चांगुलपणावर माझा विश्वास बसला नसता. गरज मात्र मला समजत होती.

मी त्यांच्याकडं थांबले. आता सकाळी मीच नव्या मुलामुलींना ठिपका कसा द्यायचा, मिशी कुठवर ओढायची ते दाखवते. मेंदीवालीनं तिची वेलबुट्टी कम्प्युटरवर उतरवली आणि तिची पहिली किनार एका टॉवेलावर आलीसुद्धा. आता तीही आतल्या खोलीत बसते. पाहुण्याला मी शेळीची खरी फाइल करून दिली. नवा फ्लेक्स लागला, कड अशी की हात फिरवावा. पाहुण्याचं म्हणणं, आधीची बरी होती, ही जरा जास्तच नटलेली दिसते. आबा मात्र मुद्दाम बार्शीला जाऊन ती बघून आले.

चित्र काढणारी पोरं भेटली की मी त्यांना एवढंच सांगते, शिका. जुना कम्प्युटर चालतो, सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, हात पहिले काही दिवस ऐकत नाही आणि मग ऐकतो. संशय आला तर येऊ द्या, पण तो पोटात ठेवून शिंग वाकडं करत बसू नका. समोरच्याला विचारा.

हे सगळं मी घरी बोलत असताना मामी ऐकत असायची. एका दुपारी ती क्लासला आली, नुसती बघायला म्हणून. माउस हातात धरून तिनं तो आधी उलटा करून तपासला. मग बसली. आता ती दर गुरुवारी येते, कोपऱ्यातला कम्प्युटर धरते आणि काहीतरी काढत असते. काय काढते ते ठाऊक नाही. मी जवळ गेले की दोन्ही हात पसरून स्क्रीन झाकते आणि म्हणते, “तू तुझं काम बघ.”